एकशे अठ्ठ्याण्णव पौंडांचा माणूस

माझ्या बायकोला, आर्लिसला, पुरून आम्ही चर्चच्या तळघरात जेवायला बसलो होतो. तेव्हा जॉलीन फॉस हातात हॅमचं सँडविच धरून माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "लाईल, आज विचारू नये, कळतंय मला. पण पुढच्या गुरुवारी तू मोकळा आहेस का?"

मी म्हटलं, आता सगळेच गुरुवार मोकळे आहेत.

"रविवारी माझी चित्रीकरण पाठवायची मुदत संपतेय रे. आणि आर्लिसच्या वेळेस तू किती छान बसला होतास. अजिबात हलला नाहीस."

मी हो म्हटलं. त्या दिवशी मला काहीही विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

आमच्या टॉर्विकच्या दवाखान्यात पंचवीस खाटा आहेत. तिथल्या नर्सा, माझी आर्लिसही धरून, दोन वर्षांचं शिक्षण घेऊन लागलेल्या. कोणी वीस वर्षं काम करतेय, कोणी तीस. मग दवाखान्याच्या मालकांनी ठरवलं की प्रत्येकीकडे चार वर्षांची पदवी पाहिजे. नोकरी सोडून कोण जाणार शिकायला, म्हणून सगळ्यांनी एकाच ऑनलाइन विद्यापीठात नावं घातली. ते इथून चौदाशे मैलांवर, वाळवंटात कुठेतरी आहे. आमच्यापैकी कोणी ते पाहिलेलं नाही. ड्यूटीवरून आल्यावर आधी कपडे मशीनला लावायचे, मग निबंध लिहायचे, असं प्रत्येकीचं चाललेलं असतं.

निबंधांचं काही नाही. पण एक विषय असा आहे की त्यात एका निरोगी माणसाला डोक्यापासून पायापर्यंत तपासायचं आणि त्याचं चित्रीकरण पाठवायचं. चाळीस मिनिटं, मध्ये कुठेही न थांबवता. जे दिसेल ते मोठ्याने बोलायचं, मग त्याचा कागद लिहून द्यायचा. माणूस आपला आपण शोधायचा. तो सोबत काम करणारा नको, पेशंट नको, आणि त्याने प्रश्नाचं उत्तर देण्यापलीकडे तोंड उघडायचं नाही.

टॉर्विकमध्ये असा माणूस मिळत नाही. जॉलीनने आधी नवऱ्यालाच बसवलं होतं. गुडघ्यावर हातोडी मारताच त्याने तिला लाथ घातली, आणि ती चित्रीकरणात आली. कॅरीन मोएनचा नवरा डोळ्यात बॅटरी मारली की शिंकत सुटतो. बाकीच्यांचे नवरे शेतावर गेलेले असतात, आणि घरी असले तरी उघड्या अंगाने स्वयंपाकघरात बसायला तयार होत नाहीत.

मी चौतीस वर्षं धान्याच्या कोठारावर ट्रकच्या वजनकाट्याशी बसलो. ट्रक यायचा, काट्यावर उभा राहायचा, मी आकडा लिहायचो, ट्रक जायचा. गप्प बसणं हाच माझा धंदा होता.

आर्लिसने मला तपासलं त्याला सहा वर्षं झाली. तिने फोन कॉफीच्या डब्याला टेकवून ठेवला आणि मला टेबलावर बसवलं. एरवी घरात माझ्याशी जशी बोलायची तशी न बोलता "मिस्टर हाउगेन, आता मी तुमचे कान बघणार आहे," असं म्हणू लागली. मला हसू आवरेना. तिने डोळे वटारले, तेही चित्रीकरणात आहेत. शंभरपैकी सत्त्याण्णव गुण पडले. तीन कापले, कारण हृदय ऐकायला ठरल्यापेक्षा जास्त वेळ घेतला. आठवडाभर ती त्या तीन गुणांवरून धुसफुसत होती. पदवी आली तेव्हा ती साठ वर्षांची होती. चौकट करून ती तिने कपडे धुवायच्या खोलीत लावली, कारण तिथेच मी जास्त वेळ उभी असते, म्हणाली.

तिचा तो कागद मात्र दवाखान्यात राहिला, नर्सांच्या कॉफीच्या खोलीतल्या खणात. सत्त्याण्णव गुणांचा कागद होता, जिला लागेल तिने बघावा.

तर गुरुवारी जॉलीन आली. फोन कॉफीच्या त्याच डब्याला टेकवला. माझे डोळे, नाक, कान बघून झाले, मग ती यादीतले प्रश्न वाचू लागली. झोप कशी लागते. भूक कशी आहे. मग वाचता वाचता तिने विचारलं, "घरी तुमच्याबरोबर कोण राहतं?"

विचारलं आणि तिच्या लक्षात आलं. तिचा चेहरा पडला. सव्वीस मिनिटं झाली होती. थांबली असती तर पहिल्यापासून करावं लागलं असतं, आणि साडेतीनला तिची ड्यूटी होती.

मी म्हटलं, "बायको."

जॉलीनने खाली बघून तसं लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. जाताना दारात तिने मला इतकं घट्ट धरलं की तिच्या गळ्यातला स्टेथोस्कोप माझ्या बरगडीत रुतला.  फ्रीजमध्ये खिमा-बटाट्याची हॉटडिश ठेवून ती गेली.

मग कॅरीन आली. मग वृद्धाश्रमातल्या दोघी, मग शेजारच्या तालुक्यातल्या. मी फ्रीजवर कॅलेंडर लावलं आणि त्यावर नावं लिहायला लागलो. प्रत्येक जणी एकेक हॉटडिश आणायची. यादी मला पाठ झाली. कोणी मानेच्या गाठी बघायला विसरली की मी पायाचा अंगठा हलवायचो. सतरा महिन्यांत बावीस नर्सांनी मला तपासलं, आणि बावीस जणींना मी सांगितलं की घरी बायको असते.

बावीस जणींचे कागदही एकच होते. त्यांना कोणी कॉपी म्हणत नव्हतं. कॅरीनने मला समजावलं होतं, "माणूस तोच आहे, मग कागद वेगळा कशाला असेल? आम्ही दिवसभर आजारी माणसं तपासतो. धडधाकट माणसाचं काय लिहायचं असतं?" म्हणून खणातला आर्लिसचा कागद समोर ठेवायचा आणि उतरवायचा. नाडी बहात्तर. वजन एकशे अठ्ठ्याण्णव पौंड. भूक चांगली, झोप चांगली. घरी पत्नी, वय अठ्ठावन्न, तब्येत उत्तम. हे शेवटचं आर्लिसने स्वतःबद्दल स्वतःच लिहिलेलं होतं.

माझं वजन तोवर एकशे पासष्टवर आलं होतं. पट्ट्याला खिळ्याने तीन भोकं पाडली होती. काट्यावर असताना मी कोणाचं एक पौंड इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. माझा सख्खा भाऊ ट्रकमध्ये बसून राहिला होता, त्याला मी खाली उतरवून पुन्हा वजन केलं. तो दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. आणि इथे माझंच वजन बावीस वेळा खोटं लिहिलं गेलं आणि मी गप्प बसलो. कारण साधं आहे. कागदावरचा तो माणूस मला आवडायचा. तो जेवायचा, झोपायचा, त्याची बायको घरात होती. दर तीन-चार आठवड्यांनी कोणीतरी यायची आणि तो अजून आहे असं लिहून जायची.

मग ट्वायला ब्रेके आली.

ट्वायला एक्केचाळीस वर्षांची आहे आणि आर्लिसच्या हाताखाली तयार झालेली. आर्लिसचे शेवटचे अकरा दिवस तीच खाटेजवळ होती. या विषयात ती एकदा नापास झाली होती, कारण तिने तिच्या काकांना बसवलं आणि काका आपल्या आजारांबद्दल बोलतच राहिले. दुसऱ्या वेळेला माझ्याकडे आली. सगळं नीट चाललं होतं. घरी कोण असतं, तिने विचारलं. मी म्हटलं, बायको.

तिने फोन उचलला आणि बंद केला.

"ट्वायला, अठ्ठावीस मिनिटं झाली होती," मी म्हटलं.

"तिचे डोळे मी मिटलेत, लाईल. मी हे लिहू कसं?"

"बाकीच्यांनी लिहिलं."

"बाकीच्यांनी मिटले नव्हते."

त्या वेळचं चित्रीकरण तिने पाठवलंच नाही, म्हणून दुसऱ्यांदा नापास. तिसऱ्यांदा नापास झाली की विद्यापीठ पाच वर्षं दारात उभं करत नाही. आणि नव्या वर्षापासून पदवी नसलेली नर्स वॉर्डात नको, असा दवाखान्याचा हुकूम निघालेला. तिला तळमजल्यावर हातमोज्यांची खोकी मोजायला बसवणार होते. वीस वर्षं वॉर्ड सांभाळणाऱ्या बाईला.

ऑक्टोबरच्या तीन तारखेला ती परत आली. या वेळेस बगलेत घरचा वजनकाटा होता.

"खरं सांगणार असाल तर बसा," ती म्हणाली. "नाहीतर मी त्या शिंकणाऱ्याला घेऊन बसते."

मी बसलो. तिने मला काट्यावर उभं केलं, एकशे पासष्ट. नाडी मोजली, अठ्ठ्याऐंशी. छातीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि खूप वेळ ऐकलं, दोन ठिकाणी परत ठेवून ऐकलं. मग फोनकडे बघून म्हणाली की दोन ठोक्यांच्या मध्ये घासल्यासारखा एक जादा आवाज आहे. बावीस जणींपैकी हे कोणीच बोललं नव्हतं. मग तिने विचारलं, घरी कोण राहतं.

 बायको म्हणता येत नव्हतं आणि दुसरं काही तोंडातून निघत नव्हतं. फ्रीज सुरू झाला, बंद झाला. ट्वायलाने स्वतःच मोठ्याने म्हटलं, "पेशंट विधुर आहेत. एकटे राहतात," आणि लिहिलं.

दहा दिवसांनी तिला विद्यापीठाचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, आमच्या बावीस विद्यार्थिनींनी याच माणसाला तपासलं असून सगळ्यांचे निष्कर्ष जुळतात. फक्त तुमचे जुळत नाहीत. तुम्ही त्याचं वजन, नाडी, हृदयाचा आवाज आणि पत्नीचा मृत्यू हे सगळं मनाने रचलं आहे असं समिती मानते. गुरुवारी सुनावणी. त्या माणसाने ओळखपत्रासह हजर राहावं.

बुधवारी माझ्या अंगणात पाच गाड्या उभ्या राहिल्या. जॉलीनने स्वयंपाकघरात सभा भरवली आणि कॉफी माझ्याच डब्यातली केली.

"सोपं आहे," ती म्हणाली. "कॅरीनने लाईलला तपासलं वीस ऑगस्टला. ट्वायलाने तीन ऑक्टोबरला. म्हणजे आर्लिस मधल्या काळात गेली. कोणाचाच कागद खोटा ठरत नाही."

"मी तर त्याला दुसऱ्यांदा तपासलं तेव्हा," कॅरीन म्हणाली. "पहिल्या वेळेस, गेल्या वर्षी, फोनची बॅटरी संपली होती."

"तारीख ठरवू आधी. दोन सप्टेंबर?"

"दोनला माझ्या मुलीचं लग्न होतं. आपण सगळ्या नाचलो. फोटो आहेत."

"मग नऊ."

"नऊला शनिवार येतो."

"शनिवारीही माणसं मरतात, कॅरीन."

"कशाने पण?"

"अचानक गेली म्हणायचं. आजारी होती म्हटलं तर तुझ्या ऑगस्टच्या कागदात यायला हवं. तू लिहिलंयस, पत्नीची तब्येत उत्तम."

"मी आर्लिसच्या कागदावरनं लिहिलं."

"तेच तर म्हणतेय. हृदय धरू. नऊ सप्टेंबर, शनिवार, सकाळी, हृदय."

मी म्हटलं, "सकाळी नको. सकाळी ती—"

"लाईल, तू मध्ये बोलू नकोस," जॉलीन म्हणाली. बावीस वेळा मला गप्प बसवायची सवय लागली होती त्यांना. तिने एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, नऊ सप्टेंबर, अचानक, हृदय, आणि तो फ्रीजवर लावला, म्हणजे बोलताना मला दिसेल. ट्वायला दारापाशी उभी होती. तिने कॉफी घेतली नव्हती.

"तुम्ही तिला परत मारताय," ती म्हणाली.

"आम्ही तुझी नोकरी वाचवतोय," जॉलीन म्हणाली. "आणि आमची. तुझ्याकडे दुसरी युक्ती असेल तर सांग."

 ट्वायला कप न धुता निघून गेली. कप तिने वापरलाच नव्हता, पण एरवी ती सगळ्यांचे धुते.

गुरुवारी तिचा लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला. सुनावणी चालू असताना विद्यार्थिनीने घरात थांबायचं नाही असा नियम होता, म्हणून ती अंगणात तिच्या पिकअपमध्ये बसली. इंजिन चालूच ठेवलं होतं, थंडी होती. खिडकीतून मला ती दिसत होती.

पडद्यावर दोघं होते. डॉ. वेल्डन म्हणून समितीच्या प्रमुख बाई, आणि पिकेट म्हणून नोंदी सांभाळणारे गृहस्थ. दोघंही आपापल्या घरात बसलेले दिसत होते. पिकेट यांच्या मागे व्यायामाची सायकल होती आणि तिच्यावर शर्ट वाळत होते.

"मिस्टर हाउगेन, तुम्ही मिस्टर हाउगेनच आहात ना?" बाईंनी विचारलं.

मी गाडीचा परवाना दाखवला. आमच्याकडे त्यावर वजनही छापतात.

"परवान्यावरही एकशे अठ्ठ्याण्णव आहे," पिकेट म्हणाले.

"सहा वर्षांपूर्वीचा आहे तो."

"म्हणजे नोंदी जुळतात. बावीस कागद आणि एक सरकारी परवाना. यात मिस ब्रेके यांचा एकच कागद वेगळा आहे."

"बावीस कागद एकसारखे आहेत, त्याचं तुम्हाला काही वाटलं नाही?" मी विचारलं.

"माणूस एक असल्यावर कागद एकसारखेच असणार. आम्ही फरक शोधतो. सारखेपणा शोधत नाही."

डॉ. वेल्डन म्हणाल्या, "हृदयातल्या आवाजाबद्दल तुम्हाला काय सांगता येईल?"

"मला कसा ऐकू येणार तो? माझ्या कानापर्यंत येत नाही."

"आणि वजन? तेहतीस पौंड कमी झालं असं तुमचं म्हणणं आहे का?"

"हो."

"कशामुळे?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. ट्वायला घराकडे बघत नव्हती. पिकअप उभा असताना तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं. काट्यावर असे खूप पाहिलेत मी. ट्रकमध्ये जास्त भरलेलं असलं आणि माणूस सरळ असला, म्हणजे तो असा बसतो. आकडा निघेपर्यंत हात सोडत नाही.

"जेवण जात नाही," मी म्हटलं. "माझी बायको वारली."

"कधी?"

फ्रीजवर जॉलीनचा कागद होता. अक्षर मोठं होतं, चष्म्याशिवाय दिसत होतं.

"गेल्या वर्षी," मी म्हटलं. "अकरा मार्चला. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. अकरा दिवस दवाखान्यात होती, त्याआधी घरी."

एवढं मी एकोणीस महिन्यांत कोणाला सांगितलं नव्हतं. गावात कोणाला सांगायची गरजच पडली नाही, जवळजवळ सगळे तिच्या मातीला होते.

पिकेट कागद उलटत राहिले. "त्यानंतरच्या बावीस जणींनी लिहिलंय की तुम्ही पत्नीसोबत राहता."

"मीच तसं सांगितलं. त्या विचारायच्या, मी सांगायचो. त्यांची चूक नाही."

"का सांगितलंत?"

"चाळीस मिनिटांचं चित्रीकरण असतं. मध्ये थांबलं तर पहिल्यापासून करावं लागतं."

"आणि वजन? नाडी?"

"तेही मीच सांगितलं," मी म्हटलं. हे एवढं खोटं होतं. ते मी काट्यावर बसलेलो असताना बोललो नसतो.

त्यांनी आवाज बंद केला आणि आपसात बोलू लागले. मला नुसती तोंडं हलताना दिसत होती. मध्ये पिकेट यांच्या टेबलावरून एक मांजर चालत गेलं आणि त्याची शेपटी बराच वेळ पडद्यावर राहिली. नऊ मिनिटं झाली. ती मी भिंतीवरच्या घड्याळात मोजली.

आवाज सुरू झाला तेव्हा डॉ. वेल्डन यांचा चेहरा बदललेला होता.

"मिस्टर हाउगेन, तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. मिस ब्रेके यांनी रचून काही लिहिलं नाही याबद्दल समितीची खात्री झाली आहे. पण एक अडचण आहे. त्या बावीस जणींपैकी एकोणीस जणींना पदवी दिलेली आहे. पदवी दिली की त्या विद्यार्थिनीच्या नोंदी बंद होतात. बंद झालेली नोंद विद्यापीठाच्या दृष्टीने खरी असते."

"म्हणजे?"

"म्हणजे," पिकेट म्हणाले, "विद्यापीठाच्या नोंदीप्रमाणे तुमच्या पत्नी वीस ऑगस्टपर्यंत हयात होत्या. त्यांची तब्येत उत्तम होती."

"वय अठ्ठावन्न," मी म्हटलं.

"हो, अठ्ठावन्न."

"मी मृत्यूचा दाखला पाठवतो."

"दाखला पाठवू नका," डॉ. वेल्डन चटकन म्हणाल्या. "पाठवलात तर आम्हाला तो वाचावा लागेल. आमचा प्रश्न एवढाच आहे की त्या वीस ऑगस्टनंतर गेल्या असं धरलं, तर त्याला तुमची काही हरकत आहे का?"

मी विचार केला. हरकत असायला हवी होती. पण मी खरं वजन सांगितलं होतं, आकडा बोललो होतो. तो कुठल्या वहीत कसा लिहायचा ते त्यांचं काम. आणि दुसरं असं की आर्लिसला मी कितीही प्रयत्न केला असता तरी एक दिवस वाढवून देऊ शकलो नव्हतो. हे लोक बसल्या जागी दीड वर्ष देत होते.

"नऊ सप्टेंबर चालेल का?" मी विचारलं.

पिकेट यांनी कॅलेंडर बघितलं. "शनिवार येतो."

"शनिवारीही माणसं मरतात."

"चालेल," ते म्हणाले आणि लिहून घेतलं.

मी बाहेर गेलो आणि पिकअपच्या काचेवर टकटक केलं. ट्वायलाने काच खाली केली. मी तिला सगळं सांगितलं. तिने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"म्हणजे मी खरं लिहिलं," ती म्हणाली, "आणि त्यांनी ते खोटं करून पास केलं."

"अजून पास नाही. चार पानांचा एक अर्ज भरायचाय. पेशंटची बायको जाऊन सहा महिने झाले नसतील तर तो लागतो म्हणे. शोक कसा चाललाय त्याचा."

"आणि सहा महिने झाले असतील तर?"

"मग लागत नाही."

ट्वायला हसायला लागली. मग तिने इंजिन बंद केलं आणि बराच वेळ नाक पुसत बसली.

विद्यापीठ चौकशी करेल अशी जॉलीनला धास्ती होती, म्हणून त्या आठवड्यात सगळ्या नर्सा भेटायला आल्या. प्रत्येक जणी हॉटडिश घेऊन आली आणि दारात मला म्हणाली, "आर्लिसचं ऐकून फार वाईट वाटलं, लाईल." कॅरीन रडली. खरंच रडली, तिला थांबता येईना. मातीच्या दिवशी ती बर्फात अडकली होती, तिला यायला जमलं नव्हतं. विद्यापीठाकडूनही पोस्टाने एक जाड कागदाचं शोकपत्र आलं. आपल्या पत्नीच्या नऊ सप्टेंबरच्या निधनाबद्दल आम्हाला दुःख आहे, असं छापलं होतं. सोबत जानेवारीच्या प्रवेशाचं माहितीपत्रक होतं.

अर्जाचं चित्रीकरण सोमवारी केलं. या वेळेस शर्ट काढायचा नव्हता. पहिल्या पानावर नऊ सप्टेंबर आधीच छापून आलेलं होतं, त्यामुळे ट्वायलाला ते हाताने लिहावं लागलं नाही. तिने फोन डब्याला टेकवला आणि समोर खुर्ची घेऊन बसली.

"मिस्टर हाउगेन, पहिल्या आठवड्यांत झोप कशी होती?"

"खुर्चीत. पलंगावर गेलो नाही."

"आता?"

"आता पलंगावर. पण माझ्याच बाजूला. तिच्या बाजूला इस्त्रीचे कपडे ठेवतो, म्हणजे रिकामी दिसत नाही."

"जेवण?"

"हॉटडिश गरम करतो. दोन ताटं काढतो, एक परत ठेवतो. रोज नाही. आठवड्यातून दोन-तीनदा हात जातो."

"त्यांच्याबद्दल कोणाशी बोलता?"

"तुम्ही सगळ्या येता तेव्हा. ती घरात आहे असं सांगतो."

ट्वायलाने पेन थांबवलं, पण फोन बंद केला नाही. मग तिने यादीतला पुढचा प्रश्न वाचला. "सध्या घरी तुमच्याबरोबर कोण राहतं?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "एकटा असतो."

तिने लिहिलं. चार पानं भरायला तास गेला. सहा आठवड्यांच्या विधुराचा अर्ज होता, त्यामुळे सहा आठवड्यांचं सगळं मला आठवून सांगावं लागलं. कोणत्या दिवशी तिचा कोट खुंटीवरून काढला ते. काढून परत लावला ते.

फोन बंद केल्यावर तिने गळ्यातला स्टेथोस्कोप परत माझ्या छातीवर ठेवला.

"अजून आहे का?" मी विचारलं.

"आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी फार्गोला हृदयाच्या डॉक्टरकडे जायचंय, मी नाव घातलंय तुमचं. हृदयाची झडप असेल. करता येतं त्याचं काहीतरी."

"आर्लिसने ऐकला असेल का तो? सहा वर्षांपूर्वी? तिचे तीन गुण तिथेच गेले. खूप वेळ ऐकत होती."

"ऐकला असता तर तिने लिहिला असता. तुम्हाला त्याच दिवशी गाडीत घालून नेलं असतं."

"मग एवढा वेळ काय ऐकत होती?"

ट्वायलाने स्टेथोस्कोपची नळी गुंडाळली. "तुम्हालाच ऐकत होती, लाईल. दुसरं काय."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिचा निकाल लागला. ती पास झाली, एक्क्याण्णव गुण. नऊ कापले, सगळे एकाच कारणासाठी. ठरल्यापेक्षा जास्त वेळ घेतला. खोकी मोजायला जॉलीनचा कोणी पुतण्या लागला असं ऐकलं. ट्वायला वॉर्डातच आहे.

मी एकदा कोठारावर गेलो होतो. आता तिथे नवा माणूस बसतो. त्याला म्हटलं, ट्रकच्या काट्यावर जरा उभा राहू का. तो काटा वीस-वीस पौंडांनी सरकतो, त्यामुळे त्याच्या दृष्टीने मी एकशे साठ भरलो. त्याने विचारलं, चिठ्ठी छापू का. मी म्हटलं, छाप.

ती चिठ्ठी फ्रीजवर आहे, जॉलीनचा कागद होता तिथे. तो कागद मी फेकला नाही, खणात ठेवलाय. काल वृद्धाश्रमातल्या एका नव्या नर्सचा फोन आला. आवाजावरून लहान वाटली. मिस्टर हाउगेन, तुम्ही निरोगी माणूस म्हणून बसता असं ऐकलंय, गुरुवारी मोकळे आहात का, असं विचारत होती.

मी म्हटलं, निरोगीचं मंगळवारनंतर कळेल. पण ये. येताना वजनकाटा घेऊन ये.